किल्ली कुठे ठेवली? सारख्या दिवसांचा मेंदूतला गुंता

दरवर्षी २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन येतो आणि विस्मरणाच्या लक्षणांच्या याद्या मोबाइलवरून फिरू लागतात. ‘किल्ल्या कुठे ठेवल्या ते न आठवणे’ हे लक्षण त्यांत हमखास असते, आणि ते वाचून चाळिशी-पन्नाशीतली धडधाकट माणसेही धास्तावतात. केवळ एवढ्यावरून धास्तावण्याचे कारण नाही. किल्ली कुठे ठेवली हे न आठवणे आणि हातातल्या किल्लीचे काय करायचे हेच न कळणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वस्तू भलत्याच ठिकाणी ठेवल्या जाणे आणि त्या शोधण्यासाठी आपण कुठून कुठे गेलो याचा मागच काढता न येणे, असे वारंवार घडू लागले तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. एरवी किल्ली न सापडणे हा निरोगी मेंदूच्या कामकाजाचाच एक भाग आहे, आणि ते कामकाज मला अतिशय विलक्षण वाटते.

पहिले कारण साधे आहे. संध्याकाळी घरी परतताना एका हातात भाजीची पिशवी असते, मोबाइल कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला असतो, मोकळ्या हाताने लॅच उघडले जाते आणि दार लोटता लोटता जुडगा चपलांच्या कपाटावर, फ्रिजवर किंवा पिशवीतल्या मेथीच्या जुडीवर टेकवला जातो. लक्ष फोनवरच्या बोलण्यात असल्यामुळे या कृतीची मेंदूत धड नोंदच होत नाही. मग ती आठवणार कुठून?

परंतु लक्ष देऊन ठेवलेली किल्लीही सापडत नाही, त्याचे काय? या प्रश्नाशी थेट जोडलेला एक प्रयोग आमान्सिओ दा कोश्ता पिंतो आणि ॲलन बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. रोज एकाच आवारात गाडी लावणाऱ्यांना आजची जागा नीट आठवत होती. परंतु जसजसे मागच्या दिवसांबद्दल विचारले, तसतशी आठवण झपाट्याने पुसट होत गेली. तेथे एकदाच आलेल्या पाहुण्यांना मात्र बऱ्याच दिवसांनंतरही आपली जागा बऱ्यापैकी सांगता आली. म्हणजे विस्मरण घडवले ते केवळ उलटलेल्या काळाने नव्हे, तर एकसारख्या दिवसांच्या गर्दीने.

ही गर्दी आवरण्याचे काम हिप्पोकॅम्पस हा भाग करतो. तो कानशिलांच्या आत, मेंदूच्या दोन्ही बाजूंना खोलवर असतो. इंद्रियांकडून आलेली, बऱ्याच संस्करणातून गेलेली माहिती शेजारच्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समधून त्याच्या डेंटेट गायरस या पट्ट्यात येते. उंदराच्या मेंदूतले आकडे पाहिले की या रचनेची गंमत कळते. माहिती पाठवणाऱ्या पेशी एक-दोन लाख, तर ती स्वीकारणाऱ्या डेंटेट गायरसमधल्या कणपेशी सुमारे दहा लाख. आणि एवढ्या पेशींपैकी एका वेळी शंभरातल्या जेमतेम दोन-चारच सक्रिय होतात, कारण आजूबाजूच्या दमनकारी पेशी बाकीच्यांना गप्प ठेवतात. मोठ्या संख्येतून मोजक्याच पेशी निवडल्या गेल्या की दोन वेगळ्या प्रसंगांसाठी त्याच पेशी पुन्हा निवडल्या जाण्याची शक्यता फार कमी होते. त्यामुळे काल फ्रिजवर ठेवलेली किल्ली आणि आज टीव्हीशेजारी ठेवलेली किल्ली, हे जवळजवळ सारखे प्रसंग दोन भिन्न पेशीसमूहांकडे सोपवले जातात. याला आकृतिबंधांचे विलगीकरण म्हणतात.

प्रत्येक कणपेशी पुढच्या सीए-३ या भागातल्या अवघ्या पंधराएक पेशींना जाऊन भिडते, पण तो संदेश अत्यंत जोरकस असतो. सीए-३मधल्या पेशी आपसांतही दाट जोडलेल्या असतात, म्हणून आठवणीचा एखादा तुकडा मिळाला तरी त्या उरलेला प्रसंग जुळवून पुरा करतात. ही आकृतिबंधांची पूर्ती होय. डेव्हिड मार यांनी १९७१ साली मांडलेल्या गणिती सिद्धान्तात या कल्पनेचे बीज आहे. आता अडचण अशी की, या दोन प्रक्रिया एकमेकींना छेद देतात. पारदर्शक कागदांवर काढलेली तीच ती चित्रे एकावर एक ठेवावीत, तशा शेकडो सायंकाळी एकमेकींवर पडतात. विलगीकरण तोकडे पडते आणि ‘किल्ली’, ‘बैठकीची खोली’ एवढ्या धाग्यावरून पूर्तीची यंत्रणा कालचा किंवा परवाचा प्रसंग संपूर्ण उभा करून दाखवते. ‘मी इथेच ठेवली होती’ असे आपण छातीठोकपणे सांगतो, तेव्हा खोटे बोलत नसतो. आठवण खरी असते, फक्त दिवस चुकलेला असतो.

क्रेग स्टार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली माणसांमध्ये हे तपासले. आधी दाखवलेल्या वस्तूंसारख्याच, पण किंचित वेगळ्या वस्तूंची चित्रे पाहताना डेंटेट गायरस आणि सीए-३ या भागाने ती नवीन असल्यासारखा प्रतिसाद दिला. पुढच्या संशोधनात असे दिसले की, वय वाढते तसे, दोन वस्तू वेगळ्या आहेत हे ओळखण्यासाठी त्यांच्यातला फरक अधिक ठळक असावा लागतो. निरोगी वार्धक्यातही असे घडते.

आपल्याकडे अनेक घरांत हरवलेली वस्तू सापडावी म्हणून कार्तवीर्यार्जुनाचा श्लोक म्हणतात. घरातली किल्ली श्लोकाविनाही बहुधा सापडतेच. सापडली की श्रेय श्लोकाला जाते आणि न सापडल्याचे प्रसंग हिशेबात धरले जात नाहीत. ‘स्मरणशक्ती वाढवणाऱ्या’ गोळ्यांच्या जाहिराती तर याहून महाग पडतात. त्यांतल्या गिंको या वनस्पतीच्या अर्काची ७५ वर्षांवरील ३,०६९ अमेरिकी नागरिकांवर वर्षानुवर्षे चाचणी झाली आणि त्याने स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी होत नाही, असे २००८ साली स्पष्ट झाले.

खरा उपाय दाराजवळच्या खुंटीवर आहे, आणि तो परिणामकारक ठरतो कारण त्यात हिप्पोकॅम्पसची गरजच उरत नाही. अपस्मारावरील उपचार म्हणून १९५३ साली हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूतून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढण्यात आला. त्यानंतर त्यांना नवे प्रसंग आठवेनात. तरीही आरशात पाहून चांदणी गिरवण्याचे कौशल्य ते रोजच्या सरावाने शिकले, आदल्या दिवशीचा सराव मुळीच आठवत नसताना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांच्या या निरीक्षणावरून सरावाची स्मृती वेगळ्या यंत्रणेत असते हे कळले. सवयींच्या बाबतीत मेंदूत खोलवर असलेल्या स्ट्रायटम या भागाचा त्यात मोठा वाटा असतो. खुंटीची सवय तेथे मुरते. मात्र सवय मुरायला पुनरावृत्ती लागते, म्हणून घरातल्या सर्वांनी एकच जागा ठरवावी आणि ती बदलू नये.

एखाद्या दिवशी किल्ली दुसरीकडे ठेवावीच लागली तर ‘किल्ली कणकेच्या डब्यावर ठेवली’ असे मोठ्याने म्हणावे. मनात वाचलेल्या शब्दांपेक्षा उच्चारलेले शब्द अधिक लक्षात राहतात, हे प्रयोगांनी दाखवले आहे. उच्चारामुळे तो प्रसंग इतरांहून वेगळा होतो.

कुलूप लावले की नाही, ही शंकाही याच गुंत्यातून येते. येथे पुन्हा पुन्हा जाऊन पाहणे उलटते. मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट यांच्या २००३ सालच्या प्रयोगात संगणकावरच्या गॅसच्या शेगडीची तपासणी वारंवार करायला लावली, तेव्हा लोकांची आठवण अचूकच राहिली. परंतु ती फिकी झाली आणि तिच्यावरचा विश्वास उडाला. म्हणून कुलूप एकदाच ओढून पाहावे, ‘लावले’ असे म्हणावे आणि जिना उतरावा. ज्यांना तेवढ्याने चैन पडत नाही आणि ज्यांचे तास या तपासणीत जातात, त्यांच्या त्रासावर मानसोपचारतज्ज्ञांकडे परिणामकारक उपचार आहेत.