रोल सर्व्हो (स्वनिर्मित विमानातील)

रोल सर्व्हो : ऑटोपायलटच्या (विमान आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) आज्ञेनुसार एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेवरची हलती झडप) हलवून विमानाचा डावा-उजवा कल सांभाळणारी विजेची मोटर आणि तिची जोडणी. स्वनिर्मित विमानात तिची जागा व तिला एलेरॉनच्या यंत्रणेशी जोडणाऱ्या दांड्याची (जोडदांड्याची) लांबी बऱ्याचदा बांधणाऱ्यालाच ठरवावी लागते.

या कल्पनेच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. संशोधक हायरम मॅक्झिम यांनी १८९१ च्या सुमारास जायरोस्कोपवर (दिशा टिकवून ठेवणाऱ्या फिरत्या चाकावर) आधारित समतोल-यंत्रणा योजली होती व काही लेखक तिलाच आरंभ मानतात. तिचा रोख मात्र विमानाचे नाक वर-खाली होण्यावर होता. डाव्या-उजव्या कलापुरते पाहिले तर अमेरिकन वैमानिक-संशोधक लॉरेन्स स्पेरी यांचे जून १९१४ मधील पॅरिसजवळचे प्रात्यक्षिक अधिक ग्राह्य वाटते : त्यांचा सहकारी पंखावर चढला, स्पेरींनी हात वर केले, तरी विमान समतोल राहिले. यंत्राला सुकाणूचा भार उचलायला लावण्याची युक्ती त्याहून जुनी असून ती १८६० च्या दशकातील जहाजांपर्यंत मागे नेता येते.

सर्व्हो पंखातील बेलक्रँकला (दांड्याच्या हालचालीची दिशा बदलणाऱ्या कोनी तरफेला) किंवा आसनाखाली नियंत्रण-दांड्याला जोडतात. एलेरॉन मध्यावर असताना सर्व्होची भुजा व जोडदांडा काटकोनात हवेत. एलेरॉन टोकाला गेल्यावर दोन्ही एका रेषेत येता कामा नयेत. आले, तर भुजा पलीकडे उलटते आणि एलेरॉन तिथेच अडकतो. म्हणून एलेरॉनची हालचाल थांबवणारे विमानाचे स्वतःचे अटकाव त्याआधी लागले पाहिजेत. जोडदांड्याच्या टोकाला ट्रॅक्टरच्या टॉपलिंकसारखा गोळीचा सांधा असतो. गोळी निसटली तरी दांडा बोल्टवरून सुटू नये म्हणून रुंद वॉशर घालतात. तो विसरण्याची चूक महागात पडू शकते. काही सर्व्होंच्या भुजेत मुद्दाम कमकुवत ठेवलेला स्क्रू असतो. सर्व्हो आतून अडकला, तर वैमानिकाने जोर लावताच तो स्क्रू तुटतो. सर्व्होसाठी स्वतंत्र सर्किट ब्रेकर आणि वैमानिकाच्या हातातील दांडीवर सर्व्हो बंद करण्याचे बटण हवेच.

ग्रामीण विदर्भात चंद्रपूरजवळील मोरवा, गोंदियाजवळील बिरसी येथे धावपट्ट्या आहेत. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील असून तेथे वैमानिक-प्रशिक्षणही चालते. स्वनिर्मितीची हौस धावपट्टीपासून दूरच्या गावांतही आढळते. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरच्या जमिनीवरील चाचणीत पाते तुटून एका तरुण कारागिराचा मृत्यू झाला. त्या घटनेचा सर्व्होशी संबंध नाही; हलत्या भागांच्या तपासणीशी मात्र आहे. तालुक्याच्या लेथवर ब्रॅकेट उत्तम घडवता येतो, पण बोल्ट, नट व कॉटर पिन विमानाच्या दर्जाचेच घ्यावे लागतात. काळ्या मातीची धूळ सांध्यात बसते, तेव्हा तपासणीची झाकणे सहज उघडतील अशी ठेवलेली बरी. मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास तापलेल्या शिवारांवरून दुपारी हवा जोराने वर चढते. अशा हेलकाव्यांत मोटरचा जोर अपुरा पडून ती घसरू लागते, म्हणजे एलेरॉन धरून ठेवू शकत नाही, आणि वैमानिकाला ऑटोपायलट सोडून दांडी हाती घ्यावी लागते. उड्डाणासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी आवश्यक असते.