ईसीएम बदलताना : क्लोनिंग वेगळे, कोडिंग वेगळे

पुण्यात जुनी गाडी बाळगणाऱ्यांच्या तोंडी एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘ईसीएम बदलला, कोडिंगही करून घेतले, तरी गाडी चालू होत नाही.’ ईसीएम म्हणजे इंजिनाचा कारभार पाहणारा गाडीतला छोटा संगणक. थोडी चौकशी केली की कळते, की कोडिंग झालेलेच नसते. झालेले असते क्लोनिंग, आणि तेही अर्धे. कधी याच्या उलट असते : मालक क्लोनिंगचे पैसे देऊन येतो आणि प्रत्यक्षात कोणीतरी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाशी बोलणारे तपासणीयंत्र, लावून कोडिंगचा प्रयत्न केलेला असतो. हे दोन शब्द एकाच कामाची दोन नावे असल्यासारखे वापरले जातात, आणि गॅरेजवालेही ते बिनदिक्कत तसेच वापरतात, म्हणून हा खुलासा. थोडक्यात, क्लोनिंग म्हणजे जुन्या ईसीएममधला मजकूर दुसऱ्यात जसाच्या तसा उतरवणे, आणि कोडिंग म्हणजे दुसऱ्या ईसीएमची गाडीशी नव्याने ओळख करून देणे.

ईसीएमबद्दल याहून अधिक येथे सांगत बसत नाही. कोणी त्याला ईसीयू म्हणतो, कोणी नुसती ‘पेटी’, वस्तू एकच. पुण्यात भारत स्टेज तीनचे प्रदूषण-निकष एप्रिल २००५ मध्ये लागू झाले. त्या आणि पुढच्या चार-पाच वर्षांत घेतलेल्या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी संपून आरटीओत नूतनीकरणे झाली आहेत, आणि त्यांच्या पेट्यांमधले कपॅसिटर व डाखकामही तितकेच म्हातारे झाले आहे. त्यामुळे हा प्रश्न वाढतच जाणार. रीमॅप हा तिसराच प्रकार असून त्यात इंधनाचे आणि टायमिंगचे नकाशे बदलतात; त्याचा या गोंधळाशी संबंध नाही.

पेटीच्या आत साधारणपणे दोन प्रकारची स्मृती असते. पहिली फ्लॅश : इंजिन कसे चालवायचे, याचा कार्यक्रम आणि नकाशे तिच्यात असतात, आणि त्याच मॉडेलच्या, त्याच इंजिनाच्या दुसऱ्या गाडीत तो मजकूर बहुधा तसाच असतो. दुसरी, जिला आपले कारागीर सरळ ‘ईप्रॉम’ म्हणतात, तिच्यात या एका गाडीची ओळख असते : इमोबिलायझरची (योग्य चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) गुप्त माहिती, पुष्कळ गाड्यांत सतरा अक्षरी चॅसी नंबर, डिझेल कॉमनरेलमध्ये (सर्व इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून जास्त दाबाने इंधन पुरवणाऱ्या पद्धतीत) इंजेक्टरचे, म्हणजे इंधन फवारणाऱ्या भागांचे, कोड. जुन्या पेट्यांत ही स्मृती म्हणजे आठ पायांची वेगळी चिप असते; पुढच्या काळातील काही पेट्यांत ती मुख्य प्रोसेसरच्या पोटातच असते.

आता ज्या ठिकाणी सगळे अडखळतात ते ठिकाण पाहू. इमोबिलायझर हा सोसायटीच्या फाटकावरचा पहारेकरी समजा. क्लोनिंग म्हणजे नव्या माणसाच्या, म्हणजे दुसऱ्या पेटीच्या, खिशात जुन्या रहिवाशाचे ओळखपत्र घालून त्याला आत आणणे. पहारेकऱ्याला काही बदलल्याचे कळत नाही, त्याच्या वहीत खाडाखोड होत नाही, चाव्यांना हात लागत नाही. कोडिंग म्हणजे नव्या माणसाला त्याच्या स्वतःच्या ओळखीनिशी फाटकावर उभे करून वहीत रीतसर नोंद करून घेणे. त्यासाठी पहारेकऱ्याची परवानगी लागते, म्हणजे गाडीनुसार पिन (गुप्त संकेतांक) लागतो, कंपनीचा किंवा त्याच तोडीचा स्कॅनर लागतो, आणि चाव्या हजर लागतात. क्लोनिंगमध्ये गाडीत काहीच बदलत नाही, कोडिंगमध्ये गाडीलाही नवे काही शिकावे लागते. एवढे ध्यानात धरले, की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

उदाहरणार्थ, कोणत्या कामाला काय लागते, हा प्रश्न. क्लोनिंगसाठी जुन्या पेटीतून ओळख वाचता यायला हवी. ती पेटी चालू असण्याची गरज नाही. येथे लोक फार मोठी चूक करतात. पेटी ‘मेली’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा वीजपुरवठ्याचा भाग किंवा इंजेक्टर-कॉइल चालवणारा ट्रान्झिस्टर गेलेला असतो, कुठे पाणी शिरून ट्रॅक खाल्लेला असतो, कुठे उलटा जंपर लावल्याने आतला भाग जळालेला असतो. स्मृतीची चिप यातून पुष्कळदा सहीसलामत वाचते. म्हणजे बंद पडलेली पेटी ही भंगार नसून कुलूप गंजलेली तिजोरी असते. आमच्या सोसायटीतील एका गृहस्थांनी आपल्या डिझेल गाडीची जुनी पेटी ‘बदल्यात देऊन’ दुसरी पेटी थोडी स्वस्तात मिळवली आणि मोठ्या समाधानाने घरी आले. चार दिवसांनी क्लोनिंग करणाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘साहेब, जुनी पेटी कुठे आहे?’ ती तोपर्यंत कुठल्या तरी पोत्यात जाऊन पडली होती. मग पिन शोधा, दुसरी चावी शोधा, स्कॅनरवाला शोधा, असे पंधरा दिवस गेले आणि वाचलेल्या पैशांच्या दुप्पट खर्च झाला. जुनी पेटी हातची जाऊ देऊ नये, मग ती नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात देत असाल किंवा बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात.

दुसरी, त्याहून फसवी गोष्ट म्हणजे अर्धे क्लोनिंग. कारागीर सांगतो, ‘फाइल टाकली.’ ही फाइल जवळजवळ नेहमी फ्लॅशची असते, कारण ती स्कॅनरच्या सोळा पिनांच्या सॉकेटमधून किंवा टेबलावर कपलर जोडून तुलनेने सहज वाचता-लिहिता येते. ओळख मात्र ईप्रॉममध्ये राहिलेली असते, आणि तिथपर्यंत पोचायला अनेक पेट्यांचे झाकण उघडावे लागते किंवा चिप उचलून वेगळी वाचावी लागते. परिणाम असा, की नव्या पेटीत कार्यक्रम आपल्या गाडीचा आणि ओळख दुसऱ्याच कोणाच्या तरी गाडीची. अशा गाडीची लक्षणे अगदी ठराविक असतात : स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही, किंवा पकडते आणि एक-दोन सेकंदांत बंद पडते, डॅशबोर्डवरचा चावीचा किंवा कुलपाचा दिवा भरभर लुकलुकतो, आणि स्कॅनर पेटीशी व्यवस्थित बोलतो. शेवटचे लक्षण सर्वांत महत्त्वाचे, कारण पेटी बोलते आहे म्हणजे ती जिवंत आहे. तरीही लोक ती ‘खराब निघाली’ म्हणून विक्रेत्याच्या तोंडावर फेकतात, दुसरी आणतात, तीही तशीच वागते, आणि मग या मॉडेलच्या सगळ्याच पेट्या टुकार असल्याचा निष्कर्ष काढून मोकळे होतात. इग्निशन दिल्यावर चेक इंजिनचा दिवाच लागत नाही आणि स्कॅनरला उत्तर मिळत नाही, तेव्हा संशयाची सुई पेटीकडे वळवणे रास्त आहे. तेव्हाही आधी मेन रिले, फ्यूज, अर्थिंगच्या पट्ट्या आणि पार्किंगमधल्या उंदरांनी कुरतडलेले हार्नेस (वायरींचे जुडगे) तपासावे. सेन्सरांना जाणारा पाच व्होल्टचा पुरवठा एखाद्या बिघडलेल्या सेन्सरमुळे शॉर्ट झाला, तरी पेटी गेल्याचा भास होतो. दहा मिनिटांत ‘ईसीएम गेला’ असा निकाल देणाऱ्या कारागिराकडून मी तरी गाडी परत घेऊन येतो.

कोडिंगची अडचण वेगळी आहे. पेटी कोरी असेल, तर ती नवी ओळख सहसा स्वीकारते. जुन्या बाजारातली पेटी मात्र आधीच एका गाडीशी बांधलेली असते, आणि काही गाड्यांमध्ये अशी पेटी स्कॅनरने कितीही विनवले तरी दुसऱ्या गाडीची होत नाही. तिचा ईप्रॉम पुसून तिला आधी कोरे करावे लागते. यालाच ‘व्हर्जिन करणे’ म्हणतात, आणि हे काम झाल्याशिवाय ‘कोडिंग होत नाही’ म्हणून हात टेकणे म्हणजे कुलूप न काढता दार ढकलत बसणे होय. शिवाय कोडिंगच्या वेळी घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्याव्यात. अनेक गाड्यांमध्ये चाव्या नव्याने शिकवताना जी चावी हजर नसते ती यादीतून उडते, आणि कपाटातली दुसरी चावी दरवाजा उघडणारा, पण इंजिन सुरू न करणारा लोखंडी तुकडा होऊन बसते.

इंजेक्टरच्या बाबतीतही फरक पडतो. कॉमनरेल डिझेलमध्ये प्रत्येक इंजेक्टरवर त्याच्या बारीक त्रुटींची दुरुस्ती सांगणारा कोड छापलेला असतो. क्लोनिंगमध्ये तो आपोआप येतो. मात्र मध्यंतरी इंजेक्टर बदलून कोणी कोड भरलेच नसतील, तर ती जुनी चूकही तितक्याच निष्ठेने येते. कोडिंगमध्ये कोड इंजेक्टरवरून वाचून क्रमाने भरावे लागतात; ते न भरल्यास इंजिन आयडलिंगला धडधडते, धूर काढते, आणि दोष बिचाऱ्या पेटीवर येतो.

लेबलवरच्या नंबराबद्दल थोडक्यात. बॉशच्या पेट्यांवर पेट्रोलसाठी ०२६१ने आणि डिझेलसाठी ०२८१ने सुरू होणारा दहा आकडी नंबर असतो, तो हार्डवेअरचा. १०३७ने सुरू होणारा सॉफ्टवेअरचा. क्लोनिंगसाठी हार्डवेअरचा नंबर जुळणे आवश्यक आहे, सॉफ्टवेअर तर आपण जुन्या पेटीचेच आणणार आहोत. कोडिंगसाठी दोन्ही जुळलेले बरे. नंबर जुळला म्हणजे पेटी ‘लावा आणि चालवा’ झाली, ही समजूत फक्त इमोबिलायझर नसलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांपुरती खरी आहे. बाकी ठिकाणी नंबर जुळणे ही कामाची सुरुवात असते.

आणखी एक पळवाट सर्रास सुचवली जाते, ती म्हणजे ‘इमो ऑफ’ : पेटीतला चावी तपासण्याचा भागच बंद करून टाकणे. काम झटपट होते, पिनही लागत नाही, चाव्याही लागत नाहीत. मला हा प्रकार मुळीच पटत नाही. पहारेकरी त्रास देतो म्हणून फाटकच काढून टाकल्यावर रात्री रस्त्यावर उभी राहणारी गाडी कोणत्याही घासलेल्या चावीने सुरू होते, आणि गाडी विकताना ही गोष्ट पुढच्या मालकाला कोणी सांगत नाही.

माझा क्रम ठरलेला आहे. प्रथम मूळ पेटीची दुरुस्ती, कारण ट्रान्झिस्टर किंवा कपॅसिटर बदलून ती उभी राहिली, तर क्लोनिंग आणि कोडिंग या दोन्हींची गरजच उरत नाही. ती जमत नसेल, पण स्मृती वाचता येत असेल, तर क्लोनिंग. स्मृतीच जळाली किंवा तिच्यातला मजकूर बिघडला असेल, तर क्लोनिंग निरुपयोगी, कारण प्रत बिघाडाचीच निघेल. तेव्हा मात्र कोडिंग, आणि तेही ज्याच्याकडे आपल्या मॉडेलचा स्कॅनर खरोखर आहे अशा माणसाकडे. दोन्ही कामांत लिहिणे चालू असताना बॅटरीला चार्जर किंवा स्थिर पुरवठा जोडलेला आहे, हे स्वतः पाहावे. मध्येच व्होल्टेज पडले, तर चांगली पेटीही अर्ध्या लिखाणात अडकून बसते.

काम देताना पावतीवर ‘ईसीएम प्रोग्रॅमिंग’ असे मोघम लिहून घेऊ नये. ‘फ्लॅश व ईप्रॉम दोन्ही वाचून दुसऱ्या पेटीत लिहिणे’ किंवा ‘कोऱ्या पेटीला गाडीशी जोडणे, चाव्या दोन’ असे स्पष्ट लिहून घ्यावे, आणि क्लोनिंग असेल तर वाचलेल्या दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर मागून घ्याव्यात. ही दुसरी पेटीही सेकंड-हँडच आहे. ती उद्या गेली, तर तिसरीसाठी त्या फाइली लागतील.