सुया सुरू केल्या आणि बोटं हलली

व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरणारा एक मेसेज परत आलाय. कुणाला अर्धांगवायूचा झटका आला तर जागचं हलवू नका, दहाही बोटांना सुई टोचून रक्ताचे थेंब काढा, पेशंट उठून बसेल. चिनी विद्या म्हणे! मेंदूचा रक्तपुरवठा तुंबला की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. बोटं टोचत बसलात तर ती वेळ हातची गेली.

ही थाप बाजूला ठेवू. झटका ओसरल्यावर, पुन्हा चालायला-बोलायला शिकण्याच्या काळात घेतलेलं अॅक्युपंक्चर ही वेगळी गोष्ट. चीनमध्ये ते इस्पितळातच फिजिओथेरपीच्या जोडीला मिळतं, तैवानमध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्यात बसतं. भारतात ते रुजवलं डॉ. बिजॉयकुमार बसूंनी, सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली ज्या पथकातून चीनला गेले, त्यातलेच हे बसू. आणि पेशंटचा अनुभव बहुधा असा असतो: महिनाभर हात लुळा होता, सुया सुरू केल्या आणि बोटं हलली.

पेशंट खोटं बोलत नसतो. पण त्या महिन्यात मेंदू आतून काय करत होता, हे त्याला कुठून दिसणार?

पहिल्या काही आठवड्यांत मेंदूची सूज उतरते. दुसरी गोष्ट मला फार आवडते. १९१४ साली कॉन्स्टंटिन फॉन मोनाको या मेंदूतज्ज्ञाने तिला 'डायास्किसिस' हे नाव दिलं. इजा झालेल्या भागाशी जोडलेले दूरचे भागही गप्प होतात. गावातली डीपी जळाली की चार गल्ल्या सोडून असलेली पिठाची गिरणी बंद पडते; गिरणीत बिघाड काहीच नसतो. डाव्या मोठ्या मेंदूला झटका बसला, तर स्कॅनमध्ये उजव्या लहान मेंदूचाही रक्तप्रवाह मंदावलेला दिसू शकतो, कारण या दोघांच्या तारा एकमेकांना ओलांडून जोडलेल्या असतात. हे गप्प झालेले भाग हळूहळू जागे होऊ शकतात. शिवाय मेलेल्या भागाच्या काठावरच्या पेशी वाढीची प्रथिनं बनवू लागतात, त्यांच्या अक्षतंतूंना, म्हणजे संदेश पुढे नेणाऱ्या लांब धाग्यांना, नवे फाटे फुटतात, आणि हाताचं काम शेजारचा पट्टा थोडंफार उचलतो. उंदरांवरच्या प्रयोगांत असंही दिसलं की या काठावर चेतापेशींना शांत ठेवणाऱ्या 'गॅबा' या रसायनाचा दाब वाढलेला असतो. तो औषधाने कमी केला की पंजा लवकर सुधारतो, मात्र झटक्यानंतर लगेचच कमी केला तर इजा उलट वाढते. एकच रसायन आधी राखण करतं आणि मग आडवं येतं.

हालचालीतली बरीचशी सुधारणा पहिल्या तीनेक महिन्यांत होते. त्या काळात जे काही सुरू केलं असेल, त्याच्या पदरात श्रेय पडतं: सुया, तेलमालीश, अंगारा, अगदी कबुतराचं रक्त चोळणंसुद्धा.

मग खरं कसं ठरवायचं? स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या बार्ब्रो योहान्सन यांनी १९९३ साली ७८ पेशंटांवरचा अभ्यास छापला. नेहमीच्या व्यायामाला आठवड्यातून दोनदा सुयांची जोड मिळालेला गट दुसऱ्या गटापेक्षा लवकर आणि जास्त सुधारला. पण दुसऱ्या गटाला तेवढा जादा वेळ, तेवढं जादा लक्ष मिळालंच नव्हतं. त्यांनी पुन्हा चाचणी लावली, १५० पेशंट घेऊन. या वेळी तुलनेच्या गटालाही कातडीवरून विद्युतप्रवाह देणारं यंत्र जोडलं, पण तो प्रवाह जाणवणारही नाही इतका क्षीण ठेवला. २००१ साली निकाल आला: तीन महिन्यांनी फरक नाही, वर्षानेही नाही. स्वतःचाच गाजलेला निष्कर्ष असा तपासायला धमक लागते. कॉक्रेन ही संस्था एका विषयावरच्या चाचण्या एकत्र करून तपासते; तिच्या २०१६च्या आढाव्यात ३१ चाचण्या आणि २,२५७ पेशंट होते. बऱ्याच चाचण्यांत फायदा दिसला, पण पुरावा कमकुवत होता. खोट्या सुयांशी तुलना केली तिथे हालचालीत फरक सापडला नाही.

म्हणून पेशंटचा विश्वास फुकट जातो असं नाही. जुनाट दुखण्यावर अॅक्युपंक्चर देऊन पाहणाऱ्या चार जर्मन चाचण्यांतल्या ८६४ जणांत ज्यांच्या अपेक्षा मोठ्या होत्या, त्यांना आरामही जास्त पडला होता. पण दुखणं म्हणजे जाणीव, ती अपेक्षेने बदलू शकते. तुटलेला मज्जामार्ग अपेक्षेने जुळत नाही.

सुया लोकप्रिय का, याचं माझं उत्तर साधं आहे: त्या पेशंटकडून काहीच मागत नाहीत. पडून राहायचं, बाकी सगळं दुसरा करतो. याउलट २००६ सालच्या अमेरिकेतल्या एक्साइट चाचणीत २२२ पेशंट होते; त्यातल्या उपचार गटाचा चांगला हात दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ, मोज्यात अडकवून ठेवला होता. जेवण, बटणं, दाराची कडी, सगळं लुळ्या हाताने. वैताग येणारच. त्यांच्या हाताची सुधारणा वर्षभरानेही टिकून होती. मात्र मनगट आणि बोटं आधीच थोडी तरी उचलता येतात अशांनाच त्या चाचणीत घेतलं होतं.