वरळीचं खडप आणि ६० मीटरचा वाद

लाट कुठे आणि कशी फुटणार, हे समुद्राचा तळ ठरवतो. वरळी-हाजीअलीचा तळ काळ्या खडकाचा. ओहोटीला हे खडप उघडं पडतं आणि कोळणी तिथे कालवं फोडायला उतरतात. शहराला मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या भराव टाकायची जागा वाटली. अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने वरळीजवळचं खिंडार बुजवलं. विसाव्या शतकात बॅकबेवर मरीन ड्राइव्ह आणि पुढे नरिमन पॉइंट उभे राहिले.

१९८१ साली इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटर किनारा मोकळा ठेवायला सांगितलं. त्याचा कायदा व्हायला दहा वर्षं गेली. १९ फेब्रुवारी १९९१ च्या सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने भरती आणि ओहोटीच्या रेषांमधला पट्टा सर्वांत जपण्याजोग्या वर्गात घातला. माझ्या मते मुंबईच्या किनाऱ्याच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा क्षण, कारण त्यामुळे खडप कागदावर आलं.

तो कागद पुढे विरत गेला. २०१५ च्या अखेरीस दुरुस्ती झाली आणि अपवादात्मक परिस्थितीत रस्त्यासाठी भराव घालायला वाट मिळाली. त्याच वाटेने कोस्टल रोड, म्हणजे मरीन ड्राइव्ह ते वरळी हा समुद्राकाठचा रस्ता, आला. १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याची सीआरझेड मंजुरी रद्द केली. याचिकाकर्त्यांत वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांची संस्थाही होती. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. वाटेत आलेल्या प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या.

मग प्रश्न उरला होड्यांचा. वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड जेटीवरून समुद्रात जायच्या वाटेवरच कोस्टल रोडच्या पुलाचे खांब येणार होते, दोन खांबांत अंतर ६० मीटर. नकाशावर ते ऐसपैस दिसतं. पण उधाणात होडी सरळ रेषेत चालत नाही. वारा तिला आडवी ढकलतो, खाली खडक असतात आणि समोरून दुसरी होडी येत असते. कोळ्यांनी हेच वारंवार सांगितलं, काम अडवलं. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने एक खांब वगळून अंतर १२० मीटर करायचं मान्य केलं.

होड्यांची वाट वाचली. कालवांच्या खडपाचा बराच भाग मात्र भरावाखाली गेला.