मेणात थिजलेला रंग

कपाळावरचं कुंकू दिवसभर टिकावं म्हणून पूर्वी बायका आधी मेणाचं बोट टेकवायच्या आणि मग त्यावर कुंकू दाबायच्या. पुण्यातल्या जुन्या वाड्यांत फणीकरंड्याच्या पेटीत मेणाची डबी हमखास असायची. मेण कोरडी पूड धरून ठेवतं आणि घामाला, पाण्याला दाद देत नाही. चित्रकलेतली ‘एन्कॉस्टिक’ ही प्राचीन पद्धत याच गुणावर उभी आहे. मधमाश्यांचं मेण वितळवायचं, त्यात थोडी राळ आणि रंगद्रव्याची पूड मिसळायची आणि गरम असतानाच ते लाकडी फळीवर ओढायचं.

हा रंग वाळत नाही, थिजतो. तैलरंगातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत कायमचे गुंफले जातात आणि रंग घट्ट होतो. त्याला काही दिवस, थर जाड असेल तर बरेच आठवडे लागतात. पुढे तेच तेल पिवळं पडतं, तडकतं. मेणात अशी रासायनिक घडामोड होत नाही. त्याचे लांबलचक रेणू 62 ते 65 अंश सेल्सियसच्या खाली आले की शेजारी शेजारी रचले जातात, एवढंच. वितळलेलं मेण पारदर्शक, मधाच्या रंगाचं दिसतं. थंड होताना आधी कडेला दुधाळ झाक येते, मग ती आत सरकते. बारीक स्फटिक तयार होऊन प्रकाश विखुरतो, त्याची ही खूण.

सगळी गंमत आणि सगळा ताप इथेच आहे. कुंचला भांड्यातून फळीपर्यंत नेईतोच रंग आवळायला लागतो. अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्सने 1954-55 मध्ये ‘फ्लॅग’ हे चित्र करताना हीच घाई कामाला लावली. आधीचा फटकारा लगेच थिजत असल्यामुळे पुढचा त्यात मिसळत नाही, प्रत्येक वेगळा दिसतो. पण याचा तोटाही आहे. नवा थर जुन्यावर नुसता बसतो आणि पुढे पापुद्र्यासारखा निघू शकतो. म्हणून प्रत्येक थरावरून गरम हवेचा झोत फिरवून तो खालच्या थरात मुरवतात. झोत जरा जास्त झाला की रेषा वाहून जातात.

इजिप्तमध्ये, मुख्यतः फायूम परिसरात, ममींवर बसवलेली सुमारे 900 व्यक्तिचित्रं मिळाली आहेत. ती साधारण इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातली. त्यातली बरीचशी मेणरंगातली आहेत आणि त्यांचे डोळे आजही ओलसर वाटतात. वाळवंटाच्या कोरड्या हवेचा वाटा त्यात मोठा आहे, पण मेणाचाही आहेच.

रंगद्रव्य मेणात विरघळत नाही, नुसतं तरंगतं. भांडं ढवळलं नाही तर तळाशी बसतं. गेरूसारखे खनिज रंग उजेडात टिकतात. हळदीचं कुंकू मात्र इथे कामाचं नाही, कारण हळदीचा रंग उजेडात फिका पडतो.

पुण्याच्या उन्हाळ्यात हे चित्र वितळेल का? मधमाश्यांच्या पोळ्यात सुमारे 35 अंश तापमान असतं. तिथे मेण मऊ, घडवता येईल असं असतं, पण वितळत नाही. एप्रिल-मेमधल्या चाळिशीतही चित्र ओघळणार नाही. मात्र पृष्ठभाग मऊ पडून त्यावर धूळ चिकटते, बोटाचा ठसा उठतो. राळ घालतात ती त्यासाठीच: तिच्यामुळे मेण कडक होतं. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत मात्र चित्र ठेवूच नये. मेणाचं पोळं कोणत्या माशीचं, ते कसं बांधतात, याची माहिती हवी असेल तर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यातच आहे, 1962 पासून.

घरी करून बघणाऱ्यांनी मेण थेट आचेवर ठेवू नये. थर्मामीटर लावून 95 अंशांच्या आत ठेवावं आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. फार तापलेल्या मेणाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. मेण पेटलंच तर पाणी ओतायचं नाही, भडका उडतो. झाकण ठेवायचं आणि आच बंद करायची.