फॅमिली मेडिसिनच्या प्रबंधासाठी ॲक्युपंक्चर : प्रोटोकॉल कुठे अडतो आणि का

पुण्यातील रुग्णालयांत डीएनबी फॅमिली मेडिसिन (एमबीबीएसनंतरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम) करणारे निवासी डॉक्टर वारंवार विचारतात की प्रशिक्षणाच्या काळातच ॲक्युपंक्चरसारख्या, सुया टोचून करायच्या उपचारपद्धतीचा रीतसर अभ्यास करता येईल का. तीन वर्षांच्या रोटेशनमध्ये त्यासाठी स्वतंत्र विभाग नाही, त्यामुळे अभ्यासक्रमाच्या चौकटीत राहून हा विषय हाताळायचा असेल तर प्रबंध हाच सर्वांत सरळ मार्ग आहे. असे प्रोटोकॉल, म्हणजे प्रबंधाचे लेखी आराखडे, वारंवार परत येतात आणि उमेदवार समजतात की मंजुरी देणाऱ्या समितीला ॲक्युपंक्चरचेच वावडे आहे. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत कारण वेगळे होते : सुई कोण टोचणार, कोणत्या अधिकाराने टोचणार आणि रुग्णाला त्याविषयी काय सांगितले जाणार, हे कागदावर नव्हते.

पात्रतेचा भाग थोडक्यात सांगता येतो. नीट-पीजीमधून मिळालेला प्रवेश, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची चालू नोंदणी आणि मान्यताप्राप्त गाइडची (प्रबंधाच्या मार्गदर्शकाची) लेखी संमती एवढे हाताशी असले की पुढे जाता येते.

मुदतीच्या बाबतीत मात्र दरवर्षी तीच चूक होते. रुजू झाल्यापासून 90 दिवसांत प्रोटोकॉल सादर करायचा असतो, याचा अर्थ अनेक जण 90 दिवसांत लिहायला घ्यायचे असा करतात. वास्तविक तो आधी संस्थेच्या वैज्ञानिक समितीने आणि त्यानंतर संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीने मंजूर केलेला असावा लागतो; कमिटीची बैठक ठरावीक अंतराने होते आणि तिच्या विषयपत्रिकेसाठी कागद त्याच्या बरेच आधी द्यावे लागतात. म्हणून रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात बैठकांच्या तारखा विचारून घ्याव्यात आणि आपल्या तुकडीसाठी निघालेली सूचना स्वतः वाचावी. वरिष्ठांनी सांगितलेली तारीख त्यांच्या तुकडीची असते.

आता मुख्य अडथळा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2003 च्या आदेशाने ॲक्युपंक्चर ही उपचाराची एक रीत म्हणून वापरण्याची मुभा नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांना किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींना मिळाली, आणि महाराष्ट्राने 2015 च्या अधिनियमाने या पद्धतीसाठी स्वतंत्र राज्य परिषद व नोंदणीची तरतूद केली आहे. ‘मी एमबीबीएस आहे, तेव्हा सुया मीच टोचीन’ एवढ्या भांडवलावर प्रोटोकॉल लिहिला की समिती प्रशिक्षणाचा पुरावा मागते, आणि तिचे चुकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक तत्त्वांत डॉक्टरांसाठीसुद्धा किमान 200 तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा आहे; शनिवार-रविवारच्या शिबिराचे प्रमाणपत्र तिथे टिकत नाही. काही जण ॲरिझोना विद्यापीठाने अमेरिकेतील निवासी डॉक्टरांसाठी आखलेल्या 200 तासांच्या एकात्मिक वैद्यक अभ्यासक्रमाचा हवाला देतात. तो संदर्भ म्हणून वाचनीय आहे, परंतु येथे सुई टोचण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. माझा सल्ला असा की राज्य परिषदेकडे नोंदणी असलेल्या ॲक्युपंक्चर तज्ज्ञाला सहसंशोधक करावे आणि त्यांच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत व संमतिपत्र जोडावे. निवासी डॉक्टराने रुग्णांची निवड आणि वेदनेचे मोजमाप सांभाळावे. यात कमीपणा नाही; मोजणाऱ्याला कोणत्या गटाला कोणता उपचार मिळाला हे ठाऊक नसणे अभ्यासाच्या हिताचेच असते.

मराठी संमतिपत्रावर जेवढे कष्ट घ्यायला हवेत तेवढे कोणीच घेत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपल्या ओपीडीत ‘सुई दिली’ म्हणजे इंजेक्शन दिले. पत्रकात नुसते ‘सुईद्वारे उपचार’ असे लिहिले, तर भोरहून कंबरदुखीसाठी आलेल्या आजी आपल्याला औषध टोचले जाणार असे समजून अंगठा उमटवतात. ही संमती नव्हे. केसासारख्या बारीक, कोऱ्या, एकदाच वापरायच्या सुया त्वचेत टोचून काही मिनिटे ठेवतात, त्यांतून कोणतेही औषध जात नाही, असे स्पष्ट लिहावे. तुलनेसाठीच्या दुसऱ्या गटाला लटकी ॲक्युपंक्चर, म्हणजे उपचाराचा नुसता आभास, दिली जाणार असेल तर तेही सांगावे लागते : आपण कोणत्या गटात आहोत हे कळणार नाही आणि खरा उपचार मिळेलच असे नाही. किरकोळ रक्तस्राव, चक्कर आणि छातीजवळच्या बिंदूंवर क्वचित होणारी फुप्फुसाची इजा हे धोके लपवू नयेत. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांबाबतचा निर्णय निवडीच्या निकषांतच नोंदवावा.

पैशांचा रकानाही रिकामा राहतो. आठवड्यातून दोनदा असे सहा आठवडे म्हणजे रुग्णाला बारा फेऱ्या पडतात. पुरंदर किंवा जुन्नरहून एसटीने येणारा माणूस रोजगार बुडवून तेवढ्या वेळा येणार नाही, आणि संशोधनासाठी पडणारा जादा खर्च रुग्णाच्या माथी मारणे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांना धरून नाही. प्रवासखर्च कोण देणार आणि इजा झाल्यास मोफत उपचार कुठे होणार, हे आकड्यांसह व पत्त्यासह लिहावे.

मंजुरीच्या पत्रावर एथिक्स कमिटीचा नोंदणी क्रमांक पाहावा. नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्यांविषयीच्या 2019 च्या नियमांनुसार औषधचाचण्यांसाठीची नोंदणी वेगळी आणि जैववैद्यकीय व आरोग्य संशोधनासाठी आरोग्य संशोधन विभागाकडे होणारी नोंदणी वेगळी. कमिटीच्या नोंदणीची मुदत संपलेली असेल तर दोष उमेदवाराचा नसतो, तरी भोगावे त्यालाच लागते; म्हणून अर्जाआधीच कार्यालयात विचारावे. हे विचारणे म्हणजे आगाऊपणा, असे काही कार्यालयांना वाटते. तरीही विचारावे.

शेवटचा टप्पा सीटीआरआय, म्हणजे भारतातील क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीतील, नोंदणीचा. ती विनाशुल्क आहे, परंतु 1 एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्याच्या आधी केलेलीच नोंदणी स्वीकारली जाते. अर्ज भरल्यावर ‘आरईएफ’ने सुरू होणारा एक क्रमांक मिळतो, तो केवळ पोच आहे. त्यालाच नोंदणी समजून रुग्ण घ्यायला सुरुवात केलेल्या एका निवासी डॉक्टरला आधीचे सर्व रुग्ण अभ्यासातून वगळावे लागलेले मी पाहिले आहे. शंका विचारल्या जातात, त्यांची उत्तरे द्यावी लागतात, आणि त्यानंतरच ‘सीटीआरआय’ने सुरू होणारा क्रमांक येतो. तो प्रोटोकॉलच्या पहिल्या पानावर लिहावा आणि पहिल्या रुग्णाची सही त्यानंतरच्या तारखेलाच घ्यावी.