सिबिलमधली चूक आणि दाद मागायचा रस्ता

लालबागच्या माझ्या मावसभावाने फ्रिज हप्त्यावर घेतला होता. शेवटचा हप्ता २०२१ मध्ये फेडला, ना-हरकत दाखला प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवला. २०२४ च्या पावसाळ्यात भांडुपला घर बघितलं, ५१ हजारांचं टोकन दिलं आणि गृहकर्जाला गेला, तर अधिकारी म्हणाला, ‘सिबिल खराब आहे.’ म्हणजे कर्जफेडीची नोंद. फ्रिजचं खातं अजून चालू दिसत होतं आणि त्यावर २,३४० रुपये थकीत.

चूक कोणाची हे अर्ध्या तासात कळलं. पण तिच्यामुळे झालेलं नुकसान कोणाकडून मागायचं, हे कोणीच धड सांगेना. त्याचं कारण कायद्याच्या जन्मकथेत आहे.

आपल्याकडे बँक आणि खातेदार यांच्यातलं गुपित ही जुनी मर्यादा. कोणी किती कर्ज काढलं, कोणी बुडवलं, हे एका बँकेने दुसरीला सांगायचं नाही. याचा फायदा बुडवणाऱ्यांना झाला. या दारात हात वर केले की शेजारच्या दारात नवं कर्ज मिळे. रिझर्व्ह बँकेने १९९४ पासून एक कोटी आणि त्याहून मोठ्या थकबाकीदारांच्या याद्या बँकांना पुरवायला सुरुवात केली, पण फ्रिज-स्कूटरवाल्या सामान्य कर्जदाराची नोंद कुठेच नव्हती. मग रिझर्व्ह बँकेच्या सिद्दिकी कार्यगटाच्या शिफारशीवरून २००० मध्ये मुंबईत सिबिल ही कर्जदारांच्या नोंदी ठेवणारी कंपनी उभी राहिली. तेव्हा वेगळा कायदा नव्हता, म्हणून कर्जाच्या फॉर्मवर माहिती देण्याच्या संमतीचं कलम घालून काम भागवलं जाई.

तो कायदा २००५ मध्ये झाला आणि डिसेंबर २००६ मध्ये लागू झाला. सिबिलसारख्या क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांचं नियमन करणारा हा कायदा मुळात बँकांची अडचण सोडवायला आला. गुपिताचं कुलूप उघडायचं होतं. ग्राहकाचे हक्क त्यात आले ते त्या उघडलेल्या कुलपाची भरपाई म्हणून. कलम १९ म्हणतं, माहिती अचूक, पूर्ण आणि सुरक्षित ठेवा. कलम २१ म्हणतं, ग्राहकाने चूक दाखवली तर ३० दिवसांत दुरुस्तीची पावलं उचला. पण त्यातच मेख आहे. बँकेने दुजोरा दिल्याशिवाय कंपनी नोंदीला हात लावत नाही. बँक म्हणते, आम्ही कळवलंय. कंपनी म्हणते, आम्हाला आलेलं नाही. आणि भरपाईचा दावा? कलम १८ सांगतं, ज्या वादाला या कायद्यात उपाय नाही तो समेटाने किंवा लवादाने मिटवा. २,३४० रुपयांसाठी लवाद कोण नेमणार?

अमेरिकेत उलटं घडलं. तिथे १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्यानेच ग्राहकाला थेट कोर्टात जायची वाट दिली. निष्काळजीपणा असेल तर झालेल्या नुकसानाची भरपाई. १९९६ च्या दुरुस्तीनंतर, जाणूनबुजून कायदा मोडला असेल तर नुकसान सिद्ध न करताही १०० ते १,००० डॉलर. त्याच वेळी माहिती पुरवणाऱ्या बँकांवरही जबाबदारी आली. पण ती वाटही अरुंद होत गेली. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गिऱ्हाइकाला मोटार विकायला विक्रेत्याने नकार दिला, कारण त्याचं नाव दहशतवादी वगैरेंच्या सरकारी यादीतल्या नावाशी जुळतं असं अहवालात होतं. नुसत्या नावाच्या साम्यावरून. असे ८,१८५ जण निघाले. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ज्यांचा चुकीचा अहवाल प्रत्यक्ष कोणाला पाठवला गेला त्या १,८५३ जणांनाच दावा लावता येईल. बाकीच्यांची चूक नुसती फाइलमध्ये होती. कंपनी होती ट्रान्सयुनियन. आपल्या सिबिलची मालकी आज तिच्याच हातात आहे.

इथल्या ग्राहकाने दुसरंच दार शोधलं, ग्राहक मंचाचं, ज्याला आता ग्राहक आयोग म्हणतात. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून या शहरात काम करते आहे, त्यामुळे मंचात जाणं मराठी माणसाला तसं परकं नाही. १९८६ च्या आणि आता २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलंय की हा उपाय इतर कायद्यांच्या जोडीला आहे. कर्ज फिटल्यावर बँकेने नोंद सुधारली नाही, तर ती सेवेतली त्रुटी. समोरून ठरलेली हरकत येते: वाद लवादाचा आहे. टेलिफोनच्या वादांबाबत तशीच हरकत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये फेटाळली, जुन्या तार कायद्यातल्या लवादामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही म्हणून. अर्थात तो निकाल फोन कंपन्यांचा. कलम १८ ची भाषा जास्त कडक आहे, तेव्हा वकील अजून भांडतात. माझ्या मते त्रुटी बँकेची असेल तर आधी बँकेलाच धरावं, ते सोपं पडतं.

मधल्या काळात रिझर्व्ह बँकेने तुकड्यातुकड्यांनी ठिगळं लावली. २०१७ पासून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट. सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्याही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत. ऑक्टोबर २०२३ चं परिपत्रक महत्त्वाचं, ते एप्रिल २०२४ मध्ये लागू झालं: ३० दिवसांत तक्रार सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये. त्यातले पहिले २१ दिवस बँकेचे. तेवढ्यात तिने दुरुस्त माहिती पाठवली नाही तर भरपाई बँकेने द्यायची. तिने वेळेत पाठवूनही ३० दिवस उलटले तर कंपनीने. म्हणजे ‘आम्ही कळवलंय’ला पहिल्यांदाच तारीख लागली. जानेवारी २०२५ मध्ये माहितीही निदान पंधरवड्याला ताजी करण्याचं बंधन आलं.

पण हे शंभर रुपये उशिराचे आहेत. चुकीबद्दलचे नाहीत. तक्रार २९ व्या दिवशी सुटली तर त्याआधीची तीन वर्षं फुकट.

भावाची तक्रार ४७ व्या दिवशी सुटली. सतरा दिवसांचे १,७०० रुपये खात्यात आले, न मागता, हे मान्य करायला हवं. घर तोवर दुसऱ्याने घेतलं होतं, टोकन बुडालं होतं. आता तो परळच्या पुरवठा भवनात जिल्हा आयोगाकडे जायच्या तयारीत आहे. दिलेला मोबदला ५ लाखांच्या आत असेल तर तिथे फी नाही, वकीलही लागतोच असं नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची. फोल्डरमध्ये ना-हरकत दाखल्यामागे त्याने टोकनची पावती लावली आहे.